तीन हजार रुपये किंवा चाळीस किलो तूर



येत्या जिल्हा बैठकीत आम्ही तुमच्यापुढे पैशाची मागणी ठेवणार आहोत. ही आंदोलनाची वर्गणी नव्हे, जामिनाचा निधी नव्हे, बिल्ल्याचे पैसेही नव्हेत. सहा गावांनी मिळून एक छोटी डाळ मिल काढायची आहे, तिच्यासाठी घरटी तीन हजार रुपये भागभांडवल हवे आहे. ज्याच्याजवळ रोख नाही त्याने तूर निघाली की चाळीस किलो तूर आणून घालावी.

धंद्यासाठी पैसे म्हटले की निम्मी मंडळी टोपी सावरून उठतात, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून बैठकीत तोंडी सांगण्याआधी सारे लेखी मांडतो आहोत. घरी वाचा. गावात ज्याला हिशेब कळतो त्याच्याकडून तपासून घ्या. चूक सापडली तर बैठकीत उभे राहून सांगा.

पहिला प्रश्न मनात येतो तो असा की, आजवर घातलेल्या पैशाचे काय झाले? प्रश्न रास्त आहे. कोरडवाहू कास्तकार भांडवल घालत नाही, त्याला फक्त मागता येते, असे शहरातले शहाणे लिहितात. त्यांना आपला इतिहास माहीत नाही. राज्यात कापूस एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. त्या योजनेत भांडवल उभारणी निधी म्हणून आपल्या कापसाच्या किमतीतून तीन टक्के कापले जात. कापताना कुणी विचारले नाही, आणि त्या भांडवलावर कुणाला मत देण्याचा अधिकारही मिळाला नाही. सहकारी सूतगिरण्यांचे भाग घेतलेली घरे तर गावोगाव आहेत. ट्रंकेच्या तळाशी भागाचा कागद आहे आणि गिरणीच्या आवारात बाभळी आहेत. त्यानंतर १९९० च्या दशकात सागवानाच्या झाडांवर दामदुप्पट देणारे आले, पुढे इमू पक्षी विकणारे आले. तेव्हा भांडवल आपण दिलेले आहे, पुष्कळदा दिलेले आहे. फक्त दिलेल्या भांडवलावर आपली नजर कधी नव्हती.

पश्चिम महाराष्ट्रातले भाऊ विचारतात, आम्ही कारखाने उभे केले, तुम्ही का नाही केले? प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून त्याचे भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे सारे खरे आहे आणि त्याबद्दल आदरच आहे. पण उसाचे एक वेगळेपण आहे. ऊस तोडला की कारखान्याच्याच काट्यावर जातो, आणि त्याच्या बिलातून भागाचा हप्ता कापून घेता येतो. आपला कापूस, आपली ज्वारी जाते अडत्याच्या काट्यावर. वर्षातून एकदा पैसा हातात येतो आणि पंधरा दिवसांत कृषी केंद्र, सोसायटी, किराणा आणि लग्नकार्य यांत वाटला जातो. उन्हाळ्यात कोरडवाहू माणसाकडे भांडवल मागणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोट चालवण्यासारखे आहे. मागायचे तर पीक खळ्यात असताना मागावे, आणि पिकाच्याच रूपात मागावे. चाळीस किलो तुरीची कल्पना यातूनच निघाली.

आता, कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांनी जिनिंग सोडून डाळ मिल का काढावी? सांगतो. १७० किलो रुईची एक गाठ बांधायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. जिनिंग-प्रेसिंग चालवायचे तर हंगामात हजारो क्विंटल कापूस रोखीने विकत घ्यावा लागतो. यंत्राचे पैसे एक वेळ कुणी देईल, कापसाचे कोण देणार? आपल्या भागातल्या बंद जिनांकडे नीट पाहा, बहुतेकांचे यंत्र शाबूत आहे, आटले ते खेळते भांडवल. ज्वारीचे दुखणे निराळे. खरिपाची ज्वारी दाणे भरताना पावसात सापडली की काळी पडते. पीठ करून विकावे म्हटले तर ते फार दिवस टिकत नाही, खवट होते. ज्वारीसाठी पुढे स्वच्छता आणि प्रतवारी एवढे करता येईल, तीच शेड आणि तीच चाळणी वापरून. पण सुरुवात तिच्यापासून नको.

तूर मात्र पऱ्हाटीच्या आणि ज्वारीच्या ओळींमध्ये प्रत्येकाच्या वावरात आहे. शिवाय तुरीच्या बाबतीत आपण दरवर्षी एक विचित्र व्यवहार करतो. जानेवारी-फेब्रुवारीत घरातली सगळी तूर पोत्याने विकतो, आणि मार्चपासून किराणा दुकानातून किलो-किलोने डाळ विकत आणतो. पूर्वी असे नव्हते. आयाबाया घरीच तुरीला तेल-पाणी लावून, उन्हात वाळवून, जात्यावर भरडून वर्षाची डाळ करीत. ते कष्ट परत आणा असे आम्ही कुणा माउलीला सांगणार नाही. पण जाते गेले आणि त्याच्या जागी आपले काहीच आले नाही.

या व्यवहारात किती जाते ते पाहू. भाव रोज बदलतात, म्हणून गोल आकडे धरतो. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये जाहीर केला. जाहीर झालेला भाव आणि हातात पडलेला भाव यांत किती अंतर असते ते आम्ही तुम्हाला सांगायला नको, म्हणून हिशेबात क्विंटलला साडेसात हजार धरले आहेत. पाच-सहा माणसांच्या घरात आठवड्याला किलोभर डाळ लागते, म्हणजे वर्षाला पन्नास किलो. दुकानात १३५ रुपये किलो धरली तर ६,७५० रुपये झाले. तीच पन्नास किलो डाळ करायला, शंभराला सत्तरचा उतारा धरून, सुमारे ७१ किलो तूर लागेल. तिची किंमत ५,३५० रुपये, आणि किलोला सात रुपयांप्रमाणे भरडाई ५०० रुपये. एकूण ५,८५०. म्हणजे नऊशे रुपये वाचले. शिवाय चौदा किलो चुनी घरच्या म्हशीला आली, ती बाजारातून आणायची तर तीनशे रुपये पडतात. असे घरटी बाराशे रुपये वर्षाला.

तीन हजार घातल्यावर वर्षाला बाराशे वाचणे, हा या धंद्याचा पहिला आणि भरवशाचा लाभ आहे. तो लाभांश म्हणून मिळणार नाही, डाळीच्या डब्यात मिळेल. म्हणूनच आम्ही चारशे घरे मागतो आहोत, चाळीस धनदांडगे नकोत. तीस हजार घालून वर्षभर एकदाही तूर न आणणारा सभासद मिलच्या काही कामाचा नाही. तीन हजार घालून दर उन्हाळ्यात पोते घेऊन येणारा हवा.

आता मिलचा स्वतःचा हिशेब. तो घरच्या हिशेबाइतका गोड नाही, आणि म्हणूनच तो जास्त बारकाईने वाचा.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोट्या डाळ मिलचे यंत्र तयार केले आहे. तासाला क्विंटलभर तूर भरडेल अशा या बेताच्या यंत्रावर आमची सारी मांडणी आहे. यंत्र, मोटार, चाळणी, बसवणी मिळून साडेचार लाख धरले आहेत. थ्री फेज जोडणी आणि शेडची डागडुजी पन्नास हजार. शेड भाड्याने घ्यायची, बांधायची नाही. खेळते भांडवल पाच लाख. आणि दोन लाख रुपये पहिल्या वाईट वर्षासाठी बँकेत बाजूला. असे बारा लाख. चारशे घरे गुणिले तीन हजार, तेवढेच होतात.

कुणी म्हणेल, पाच लाख नुसते फिरवायला आणि दोन लाख नुसते ठेवायला कशाला? त्यात इमारत नाही का होणार? होईल की. कोनशिला बसेल, आमदार येतील, फोटो निघेल. आणि पहिल्या हंगामात तूर घ्यायला पैसे नाहीत म्हणून मिल बंद राहील. साडेसात हजाराने साठ क्विंटल तूर घेतली की साडेचार लाख गुंतले. ती भरडून, विकून, पैसा हातात आल्यावर पुढची साठ क्विंटल. असे वर्षाला पाच फेरे जमले तर तीनशे क्विंटल होतात. खेळत्या भांडवलाशिवाय यातला एकही फेरा होत नाही.

पहिल्या वर्षी सभासदांच्या घरची तूर भरडून देणे हे मुख्य काम राहील. चारशे घरांची सुमारे २८० क्विंटल. क्विंटलला सातशे रुपये भरडाई मिळते, त्यात वीज, मजुरी, तेल, हमाली यांना साडेतीनशे गेले की साडेतीनशे उरतात. म्हणजे ९८,००० रुपये. या कामात तुरीच्या भावाची जोखीम नाही, कारण तूर ज्याची त्याची आहे. दुसरे काम विकत घेतलेल्या तीनशे क्विंटलचे. शंभर किलो तुरीतून सत्तर किलो डाळ, ठोक भाव ११० धरला तर ७,७०० रुपये. वीस किलो चुनी-चुरीचे ४४०. एकूण ८,१४०. त्यातून तुरीचे साडेसात हजार आणि खर्चाचे साडेतीनशे गेले की क्विंटलमागे २९० रुपये राहतात. तीनशे क्विंटलचे ८७,०००. दोन्ही मिळून १,८५,०००. आता बांधील खर्च पाहा. शेडभाडे साठ हजार, यंत्र चालवणारा आणि हिशेब ठेवणारा असा एकच माणूस धरून एक लाख वीस हजार, लेखापरीक्षण आणि कागदपत्रे तीस हजार. एकूण २,१०,०००.

पहिल्या वर्षी पंचवीस हजार रुपये तोटा. यंत्राची झीज त्यात धरलेलीच नाही.

जिल्ह्यातल्या काही कार्यकर्त्यांनी आम्हाला सांगितले की हा आकडा छापू नका, एकही माणूस पैसे देणार नाही. आमचे मत उलट आहे. ज्याने पहिल्याच वर्षी नफा सांगितला त्याला एक रुपया देऊ नका. तोटा सांगणाऱ्याला निदान हिशेब तरी येतो. ही तूट भरून निघते ती ठोक बाजारात नव्हे. विकत घेतलेल्या तुरीपैकी शंभर क्विंटलची डाळ, म्हणजे सत्तर क्विंटल, तालुक्याच्या बाजारात आणि शाळा-वसतिगृहांत सरळ विकली आणि खर्च जाऊन किलोला दहा रुपये जास्त मिळाले, तर सत्तर हजार येतात. पंचवीस हजारांच्या तोट्याचे पंचेचाळीस हजार शिल्लक होतात. बारा लाखांवर पंचेचाळीस हजार म्हणजे बँकेच्या व्याजाहूनही कमी. तेव्हा लाभांशाच्या आशेने कुणीही नाव देऊ नये. डाळीच्या डब्यातले बाराशे आणि गावात दोन माणसांना काम, एवढ्यावर ज्याला पटते त्याने द्यावे.

धोकेही सांगून टाकतो. पहिला भावाचा. २०१५ साली तूर डाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली. पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर पेरली आणि २०१७ च्या सुरुवातीला तूर ५,०५० च्या हमीभावाखाली गेली, खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या रांगा लागल्या. आपल्या गोदामात साठ क्विंटल असताना भाव पाचशेने पडला तर तीस हजार गेले. म्हणून साठहून जास्त क्विंटल कधीही स्वतःच्या जोखमीवर साठवायची नाही, भाव वाढेल असे कितीही वाटले तरी. सट्टा ज्याला करायचा त्याने आपल्या घरच्या तुरीवर करावा.

दुसरा धोका सरकारचा. मे २०२१ मध्ये केंद्राने तुरीची आयात मोकळी केली. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया इथली तूर बंदरावर उतरते ती आपल्या हंगामाचा विचार करून उतरत नाही. २ जून २०२३ रोजी तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. तुरीचे वायदे तर जानेवारी २००७ मध्येच बंद केले. अकोला, लातूर, जळगावच्या मोठ्या मिलवाल्यांना त्यातून वाट काढता येते, आपल्याला येणार नाही. त्यांच्याशी भावात टक्कर देण्याचा विचारही आम्ही करीत नाही. ते परदेशी तूर आणतात, रंगीत पिशवीत चकचकीत डाळ भरतात. आपले पहिले गिऱ्हाईक आपलीच चारशे घरे आहेत, आणि तिथे आपल्याशी स्पर्धा करायला कुणी येणार नाही.

तिसरा धोका आपल्याच वावरातला, आणि त्याबद्दल कृषी पदवीधर म्हणून बोलण्याचा आमचा थोडा अधिकार आहे. डाळीचा उतारा यंत्रावर जितका अवलंबून आहे तितकाच दाण्यावर आहे. कुणाची बीडीएन ७११ पांढरी, कुणाची बीएसएमआर ७३६ लाल, कुणाची घरची जुनी बारीक, असे सगळे एका ढिगात आले की यंत्राचे दगड कुठल्या दाण्याला बसवायचे? मोठा दाणा फुटून चुरा होतो, बारीक दाणा साल घेऊन तसाच बाहेर पडतो. सत्तरचा उतारा पासष्टवर आला की वरचा सगळा हिशेब कोसळला. विद्यापीठात आम्हाला चार वर्षे एकरी उतारा कसा वाढवायचा ते शिकवले, घरात आलेल्या पोत्याचे पुढे काय होते हे कुणी शिकवले नाही. एका गावाने एकच वाण पेरायचे ठरवले तर त्याला खर्च शून्य आहे. दुसरी गोष्ट अंगणाची. तुरीला ओरखडे पाडून, तेल लावून, पाणी देऊन मध्ये वाळवावे लागते. यंत्र तासाला क्विंटलभर ओढेल, पण वाळवायला फरसबंद खळे नसेल तर ते चार दिवस बसून राहील. शेड बघताना आधी तिच्यापुढचे अंगण बघा.

पैसे आमच्याकडे कशाला मागता, अनुदान आणा, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. अनुदानाचे नाव काढताच कंपनी काढून देणारे दलाल तालुक्याच्या गावी कार्यालय थाटून बसले आहेत. दहा सातबारे गोळा करायचे, संचालक मंडळात काका, पुतण्या आणि मेहुणा घालायचा, आणि वाट बघत बसायचे. अशा कंपन्यांच्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. पण योजना नीट वाचल्या तर त्यांतही आपला पैसा आधी लागतो. २०२० साली केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना काढली. तीत सभासदामागे जास्तीत जास्त दोन हजार आणि कंपनीला जास्तीत जास्त पंधरा लाख समभाग अनुदान ठेवले होते, पण ते सभासदांनी स्वतः घातलेल्या रकमेच्या बरोबरीने. त्याच वर्षीच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवले, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. आणि बँकेचा साहेब पहिला प्रश्न हाच विचारतो की, तुम्ही स्वतः किती घातले? अनुदान मिळाले तर खेळते भांडवल वाढेल. न मिळाले तर मिल अडणार नाही अशी मांडणी केली आहे.

आपल्याच चळवळीतल्या काही जुन्या मंडळींचा आक्षेप याहून गंभीर आहे. ते म्हणतात, आपले भांडण सरकारच्या धोरणाशी आहे. डाळ मिल काढून दुकानदार झालात की रस्त्यावर कोण येणार? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. आयात आणि साठ्याची बंधने यांमुळे जे जाते ते क्विंटलला हजारांत आहे, मिलमुळे वाचेल ते शेकड्यांत. मिल हा लढ्याला पर्याय नाही आणि तसे कुणी म्हटले तर त्याला बैठकीत खाली बसवा. पण ज्याच्या घरात मार्चमध्ये तूर शिल्लक आहे, ज्याला भरडून ठेवायची सोय आहे, तो आठ दिवस रस्त्यावर बसू शकतो. फेब्रुवारीत शेवटचे पोते विकून मोकळा झालेला माणूस भावासाठी कशाच्या जोरावर थांबणार? आणि एक गंमत. आपलीच कंपनी सभासदाची तूर हमीभावाखाली घेणार का, असा प्रश्न आलाच तर उत्तर होय असे आहे. डाळीला जे मिळणार नाही ते तुरीला देता येत नाही. दिल्लीच्या धोरणाने भाव पाडला की मिलच्या पाटीवर तो आपल्याच हाताने खडूने लिहावा लागेल, आणि मग कुणाशी भांडायचे हे चारशे घरांना व्याख्यान न देता कळेल.

कायद्याचे थोडे. डॉ. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीचे प्रकरण घातले गेले. दहा उत्पादकांना अशी कंपनी काढता येते. भाग कितीही असोत, मत एकच. भाग बाजारात विकता येत नाहीत, म्हणजे उद्या कुणा शेठजीने भाग गोळा करून मिल घशात घातली असे होणार नाही. मालाच्या किमतीतला काही भाग रोखून ठेवून वर्षअखेर देण्याची सोयही त्या कायद्यात आहे. चाळीस किलो तुरीचा व्यवहार साधा राहील. कंपनी त्या दिवशीच्या बाजारभावाने तुमची तूर विकत घेईल, आणि ती रक्कम तुमच्या नावावर भागात जमा होईल. भाव साडेसात हजारांहून चढा असेल तर वरचे पैसे हातात, उतरला असेल तर तेवढी तूर जास्त.

यापलीकडे कायद्यात नाहीत असे काही नियम आम्ही सुचवतो. पैसा १ फेब्रुवारीपासून घ्यायचा, कंपनीच्या वेगळ्या खात्यात, तीन सह्यांवर, त्यातली एक सही बाईची. ३१ मार्चपर्यंत चारशे घरे झाली नाहीत तर १५ एप्रिलच्या आत सर्वांचे पैसे परत. साडेतीनशेवर गाडी अडली म्हणून ‘सुरू तर करू’ असे होणार नाही. पैसे देणाऱ्यांची यादी सहाही गावांच्या चावडीवर लागेल. संचालकाच्या नात्यातला माणूस पगारावर नाही. आणि उधारी नाही. संचालकाला नाही, सरपंचाला नाही, या लेखाच्या लेखकांनाही नाही. गावातला धंदा दरोड्याने बुडत नाही. सोयऱ्याधायऱ्यांच्या उधारीने बुडतो, आणि मागायला गेले की सोयरीक तुटते.

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गावी १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, त्यांत बरेच विणकर होते, एक दुकान काढले. प्रत्येकी एक पौंड भांडवल ठरले. तेवढे एकदम कुणाकडेच नव्हते, म्हणून आठवड्याला दोन-तीन पेन्स करीत त्यांनी ते साठवले. दुकान उघडले तेव्हा आत लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. माप चोख आणि व्यवहार रोख, हा त्यांचा नियम होता, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात वाटायचा. आपल्या मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचे पुढे लिज्जत झाले. ही उदाहरणे हप्त्यापुरती सांगितली. ज्यांना तीन हजार एकदम जमत नाहीत आणि तूरही कमी आहे, त्यांच्यासाठी फेब्रुवारी-मार्चच्या आठ आठवडी बाजारांत आठ हप्ते, प्रत्येकी ३७५ रुपये.

मायबहिणींसाठी वेगळे बोलायचे आहे. वर्षाला किती डाळ लागते, कोणत्या तुरीची डाळ शिजते आणि कोणती गचका राहते, हे घरात बाईलाच ठाऊक असते. मिलवर डाळ निवडण्याचे आणि चाळण्याचे कामही त्याच करतील. मग भाग पुरुषाच्या नावे कशाला? १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात ज्या घरांनी बाईच्या नावे जमीन करून दिली, त्यांच्या सातबाऱ्यावर तिचे नाव आहेच. त्या घरांतून भाग तिच्याच नावे निघावा. बाकीच्यांनी सातबाऱ्याचे काय ते घरी ठरवावे, आम्ही आठवण करून देत राहू.

बैठकीला येताना पैसे आणू नका, कुणी मागितले तरी देऊ नका. एका कागदावर चार गोष्टी लिहून आणा: गेल्या हंगामात तूर किती झाली, कोणत्या महिन्यात काय भावाने विकली, वर्षाला घरात डाळ किती लागते, आणि कोणते वाण पेरले होते. सहा गावांपैकी कुठल्या गावात थ्री फेज असलेली रिकामी शेड आणि तिच्यापुढे फरसबंद खळे आहे, भाडे काय मागतात, याचीही चौकशी करून या. दोन ठिकाणे आम्ही पाहिली आहेत. एकात वीज आहे पण अंगण नाही, दुसऱ्यात अंगण मोठे आहे पण वीज रात्री अकरानंतर येते.